एकोणतिसाव्या संध्याकाळची साक्ष

रफूचाचांच्या दुकानाला दुकान म्हणणं म्हणजे उगाच त्याचा मान वाढवणं होतं. मशिदीच्या भिंतीला लागून, नमाजेआधी हातपाय धुवायच्या वजूच्या नळांच्या पलीकडे, एक माणूस मांडी घालून बसेल आणि दुसरा उभा राहून बोलेल एवढीच ती जागा. पण त्या जागेत चाळीस वर्षं लोकांच्या कोटांची भोकं बुजत आली होती. विडीने जळलेलं, उंदराने कुरतडलेलं, खिळ्यात अडकून फाटलेलं, काहीही आणा. चाचा कापड उलटं करायचे, आतल्या शिलाईत दडलेली जादा पट्टी शोधायचे, तिच्यातून त्याच कापडाचे धागे एकेक करून ओढून काढायचे आणि त्याच धाग्यांनी भोकावर नवं कापड विणायचे. एक उभा, एक आडवा. काम झालं की गिऱ्हाइकापुढे कोट पसरून म्हणायचे, "आता भोक शोधा." गिऱ्हाईक बोट फिरवत बसायचं आणि चाचा दाढीतल्या दाढीत हसायचे.

या नजरेपायी मोहल्ल्याचं आणखी एक काम त्यांच्याकडे आपसूक चालत आलं होतं. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चांद बघायला लोक मशिदीच्या गच्चीवर चढत. दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही दिसला तर आणखी एक रोजा. गच्चीवर पन्नास माणसं असली तरी पन्नासांची बोटं आभाळाकडे आणि नजर चाचांकडे. "चाचा काय म्हणतात?" एवढाच प्रश्न. वीस वर्षांत त्यांचा शब्द एकदाही खाली पडला नव्हता.

त्या वर्षी मात्र थंडीपासून काहीतरी बिघडलं होतं. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांना केस फुटल्यासारखे दिसायचे. काळा धागा आणि गडद निळा धागा उन्हात नेऊन बघितल्याशिवाय ओळखू येईना. चाचा कुणाला काही बोलले नाहीत. सुई ओवता येईना तेव्हा बायकोला म्हणाले, "बोटं थरथरतात गं हल्ली."

"हो, वयच झालं बोटांचं," ती म्हणाली, आणि रोज सकाळी दहा सुया ओवून, कापसाच्या गादीत खोचून डब्याबरोबर द्यायला लागली. बोटं थरथरत नाहीत हे तिला दिसत होतं. तिला दिसतंय हे त्यांना कळत होतं. दोघंही मूग गिळून बसली.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारपासून आभाळ भरून आलं. मशिदीच्या अंगणात नेहमीसारख्या सतरंज्या पसरल्या, ताटल्यांत खजूर मांडले, पाण्याचे पेले भरले. बांग झाली, लोकांनी खजुराने रोजा सोडला, नमाज उरकली आणि जो तो जिन्याकडे धावला. चाचांच्या शेजारी न्हावी उभा होता. समोरच्या दुकानात तीस वर्षं वस्तरा चालवणारा, चाचांचा जिवलग. ढग सरकत होते, पण फाटत नव्हते. लोक खाली जायला लागले, तेवढ्यात पश्चिमेला पाण्याच्या टाकीवर ढगांत एक फट पडली आणि त्या फटीत चाचांना पांढरी, वाकडी, बारीक रेघ दिसली.

"तो बघा!"

"कुठे?" न्हाव्याने टाचा उंचावल्या.

"टाकीच्या वर. बोटभर डावीकडे."

न्हाव्याने डोळे बारीक केले. फट मिटत होती. "हो हो," तो म्हणाला, "दिसला, दिसला."

खाली इमामसाहेबांच्या खोलीत साक्ष झाली. आभाळ ढगाळ असलं की भरवशाची दोन माणसं लागतात; ही दोन होती. इमामसाहेब वयाने चाचांच्या मुलासारखे, पण कामाला चोख. त्यांनी आधी न्हाव्याला विचारलं, मग चाचांना.

"स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलात?"

"पाहिला."

"चाचा, आभाळ असं आहे. मनात जरासुद्धा शंका असेल तर सांगा. एक रोजा जास्त धरू, त्यात काय."

शंका होती. खूप मोठी नाही, शिलाईतल्या ढिल्या टाक्याएवढी. चाचांना दिव्यांचे केस आठवले, गादीतल्या दहा सुया आठवल्या. पण दारात वीस माणसं माना पुढे काढून उभी होती आणि सगळी त्यांच्याकडे बघत होती. चाचा म्हणाले, "चाळीस वर्षं धागा बघतोय, इमामसाहेब. चांद म्हणजे काय, जाडच असतो त्याहून."

लोक खळाळून हसले. इमामसाहेबही हसले. पाच मिनिटांत लाउडस्पीकरवरून ईद जाहीर झाली.

गल्ली एकदम जागी झाली. न्हाव्याच्या दुकानात रांग लागली, शिंप्याकडे बाया ओरडायला लागल्या, पोरींनी हात मेंदीसाठी पुढे केले. बेकरीवाले भट्टीपुढून पिठाच्या हातांनीच बाहेर आले आणि त्यांनी चाचांना मिठी मारली. चाचांच्या काळ्या सदऱ्यावर दोन पांढरे पंजे उमटले.

"वाचवलंत चाचा! आज भट्टीपुढे जीव नुसता कासावीस झाला होता. उद्याचा कसा धरला असता देव जाणे. धरला असता म्हणा. बाराव्या वर्षापासून धरतोय, पन्नास वर्षं झाली, एकही सुटलेला नाही."

"माहीत आहे हो," चाचा हसून म्हणाले, "दरवर्षी सांगता."

घरी पोचतात तोच नदीपलीकडे दिलेल्या मुलीचा फोन आला. "अब्बा, तुमच्याकडे ईद? आमच्या मशिदीत कुणालाच नाही दिसला. मोठ्या मशिदीतही नाही. आमची ईद परवा."

"तुमच्याकडे ढग असतील."

"ढग तर तुमच्याकडेही असतील ना अब्बा," ती म्हणाली. चाचांनी फोन बायकोच्या हातात दिला.

ईद झाली. सकाळी आंघोळ, अत्तर, नवे कपडे, निघण्याआधी तोंडात गोड, वाटभर 'अल्लाहु अकबर'ची तकबीर. नमाजेनंतर माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, वर्षभराचे रुसवे तिथल्या तिथे मिटले. पोरं ईदीचे पैसे गोळा करत घरोघर फिरली. चाचा कब्रस्तानात जाऊन आईवडिलांच्या कबरीवर पाणी शिंपडून आले. सगळं दरवर्षीसारखंच होतं. फक्त येताना नाक्यावर दुसऱ्या मशिदीची दोन माणसं कामाच्या कपड्यांत, कोरड्या ओठांनी उभी दिसली. त्यांनी सलाम केला. चाचांनी घाईघाईने उत्तर दिलं आणि मान खाली घातली.

त्या संध्याकाळी टाकीवरचा एक ढग सोडला तर आभाळ लख्ख होतं. न्हावी दुकानाच्या पायरीवर येऊन पश्चिमेकडे बघत उभा राहिला.

"चाचा, एक विचारू? दुसऱ्या दिवशीचा चांद इतका बारीक असतो?"

चाचांनी वर पाहिलं. त्यांना एक चांद दिसलाच नाही. त्यांना दोन दिसले, एकमेकांना चिकटलेले, कडा विस्कटलेले. त्यांनी उजवा डोळा झाकला, तरी दोन. डावा झाकला तेव्हा नुसताच एक उजळ डाग. मग ते टाकीच्या वरच्या एका रिकाम्या ढगाकडे वळले. त्या ढगाच्या कडेला उन्हाचा शेवटचा पट्टा होता, आणि त्या पट्ट्यातून चाचांना एक पांढरी, वाकडी, बारीक रेघ सुटलेली दिसली.

"असतो कधी कधी," ते न्हाव्याला म्हणाले.

ईदेनंतर चौथ्या दिवशी सकाळी बेकरीवाले भट्टीपुढे बसले ते उठलेच नाहीत. पहिला घाणा आतच करपला, वास गल्लीभर पसरला, तेव्हा लोकांना कळलं. दुपारी जनाजा निघाला. चाचांनी खांदा दिला. कबरीत माती लोटून झाल्यावर इमामसाहेब दोन शब्द बोलले. म्हणाले, "आगीपुढे उभं राहून या माणसाने पन्नास वर्षं रोजे धरले. एक सुटला नाही. आपल्यातल्या कितीजणांना असं म्हणता येईल?" माणसांनी माना हलवल्या. चाचांच्या हातातली माती टाकायची राहून गेली, ती मुठीत घेऊनच ते घरी आले.

बायकोने ती मूठ उघडली, हात धुवून दिला आणि म्हणाली, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. बोटांचं पुरे झालं आता."

डॉक्टरीणबाईंनी अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवायला लावून दोन्ही डोळ्यांत उजेड टाकला. "दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, आजोबा. उजवा तर पार पिकलाय. दिव्यांना रेषा फुटतात? एकाचे दोन दिसतात?"

"दिसतात."

"कधीपासून?"

"थंडीपासून," चाचा म्हणाले. शेजारी बसलेल्या बायकोने खाली पाहिलं. "बाई, जी रेघ नाहीच ती दिसू शकते का? ढगात?"

"ढगाची कड उजळ असेल तर दिसू शकते. पण त्या वेळी मी तिथे नव्हते, आजोबा. खरंच काही होतं की नव्हतं, हे कसं सांगू?"

चाचा तिथून सरळ न्हाव्याच्या दुकानात गेले. खुर्चीत एक गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून बसलं होतं. ते जाईपर्यंत चाचा बाकावर थांबले. मग त्यांनी दार लोटून घेतलं.

"खरं सांग. तू चांद पाहिला होतास?"

न्हाव्याने वस्तरा पुसला, पुन्हा पुसला. "तुम्ही दाखवलात ना."

"मी दाखवला. तू पाहिलास का?"

"अहो, तुम्हाला दिसला म्हटल्यावर मी नाही कशाला म्हणू? तुम्हाला उंदराने कुरतडलेल्या कोटातला धागा दिसतो. मला टाकी दिसली. टाकीच्या वर ढग दिसला. म्हटलं असेल त्यात कुठेतरी."

चाचा बाकावर बसले. दोन साक्षीदार म्हणून जाहीर झाले होते. होता एकच, आणि तोही आंधळा.

"चल इमामसाहेबांकडे," ते म्हणाले.

"मला यात ओढू नका चाचा." न्हाव्याने वस्तऱ्याकडे बोट केलं. "माझं काम कसलं आहे बघा. लोक डोळे मिटून गळा माझ्या वस्तऱ्याखाली देतात. उद्या म्हणतील, हा खोटी साक्ष देतो. पाया पडतो तुमच्या."

चाचा एकटेच गेले. इमामसाहेब मशिदीत चटया गुंडाळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चाचांनी न्हाव्याचं नाव काढलं नाही, फक्त आपल्या डोळ्यांचं सांगितलं, थंडीपासूनचं, सुयांसकट.

"मी तुम्हाला विचारलं होतं," शेवटी इमामसाहेब म्हणाले.

"विचारलं होतंत."

"आणि मीही हसलो. तिथेच थांबून आणखी दोनदा विचारायला हवं होतं. दारात लोक उभे होते, मलाही घाई झाली." त्यांनी चटई भिंतीला टेकवली. "निकाल मी दिला, लोकांनी तो मानला. त्यांच्यावर दोष नाही. तुमच्या मनात शंका आहे, तुम्ही एक रोजा भरून द्या. बाकी देव बघतो."

"आणि बेकरीवाले? ते कुठून भरणार?"

इमामसाहेबांनी पुढची चटई उचलली. "त्यांच्यावरही दोष नाही. घरच्यांचं मन मानत नसेल तर एका गरजू माणसाला दोन वेळ पोटभर जेवू घालावं."

"मला लोकांपुढे सांगायचंय."

"विचार करा चाचा. ईद झाली, लोक विसरले. मशिदीचं हसं होईल ते होईल, पण तुमची नाचक्की..."

"शुक्रवारी सांगतो," चाचा म्हणाले.

शुक्रवारी नमाजेनंतर ते पहिल्या रांगेतून उठले. माणसं चपलांकडे निघाली होती, ती थांबली. चाचांना भाषणाची सवय नाही. त्यांनी चार वाक्यांत सांगून टाकलं. डोळे गेले होते. मला माहीत होतं. इमामसाहेबांनी विचारलं तेव्हा मी फुशारकी मारली. तुमचा रोजा माझ्यामुळे गेला असेल, मला माफ करा.

मागून एकाने विचारलं, "म्हणजे आम्ही बायकापोरांसकट रमजानात खात-पीत बसलो?" दुसरा म्हणाला, "मला वाटलंच होतं, नदीपलीकडचे हसत होते." कुणीतरी फस्सकन हसलं. एक म्हातारे गृहस्थ पुढे आले, चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बोललात ते बरं केलंत," आणि डोळे पुसत गेले. मग तो प्रश्न आलाच: "अहो, साक्षीदार दोन होते ना? दुसऱ्याचं काय?"

न्हावी खांबाशी उभा होता. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. चाचा म्हणाले, "मी माझं सांगितलं."

इमामसाहेबांनी सांगितलं की निकाल कायम आहे, पण ज्यांचं मन खात असेल त्यांनी सोमवारी एक रोजा धरावा. सोमवारी संध्याकाळी अंगणात पुन्हा सतरंज्या पसरल्या. ऐंशीएक माणसं आली. खजूर होते, पाणी होतं, पण रमजानच्या गप्पा नव्हत्या. चाचांच्या दोन्ही बाजूंना एकेक माणसाची जागा मोकळी राहिली. न्हावी आला नाही.

मंगळवारी सकाळी चाचा बायकोला घेऊन बेकरीवाल्यांच्या घरी गेले. भाभी इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस त्यांना घरातच राहायचं होतं, बाहेरच्या पुरुषांसमोर यायचं नव्हतं. चाचा ओट्यावर बसले, बायको आत गेली, आणि भाभी दाराच्या पडद्याआडून बोलल्या.

"भाभी, मी एक सांगायला आलोय."

"मला कळलंय. शुक्रवारीच कळलं. दुपारी तीन बायका येऊन सांगून गेल्या, तिघींनी तीन तऱ्हांनी." आवाज शांत होता. "तुम्ही अख्ख्या मशिदीला सांगितलंत, आणि मग चार दिवसांनी मला. मी रांगेत शेवटची."

शुक्रवारी काय बोलायचं याचा चाचांनी तीन दिवस विचार केला होता. आधी या दारात यायला हवं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चुकलो भाभी."

"तुमचा जीव हलका झाला असेल. व्हायलाच हवा, खरं बोललात. पण माझं ऐका. ते गेल्यापासून मी सकाळी उठले की एकच गोष्ट स्वतःशी म्हणायचे. पन्नास वर्षं, एकही नाही. त्यावर मी उठून चूल पेटवायचे. माझ्याजवळ तेवढंच होतं. ते तुम्ही घेऊन गेलात." पडदा हलला. "इमामसाहेब म्हणाले त्यांच्यावर दोष नाही. मला ते समजतं. पण समजून मी काय करू?"

आतून बायकोच्या रडण्याचा आवाज आला, भाभींचा नाही. रस्त्याने एक हातगाडी खडखडत गेली.

"एका माणसाला दोन वेळ जेवू घालायचं, असं सांगितलंय इमामसाहेबांनी," चाचा शेवटी म्हणाले. "ते मला करू द्या."

"नाही. जेवण माझ्या हातचं जाईल. त्यांचं आहे ते."

"मग पोचवायला तरी... तुम्हाला बाहेर पडता येत नाही."

भाभी म्हणाल्या, "उद्या सकाळी डबा ओट्यावर ठेवीन. दार वाजवू नका."

दुसऱ्या दिवशी चाचांनी ओट्यावरचा गरम डबा उचलला, फडक्यात धरला आणि कब्रस्तानाच्या एकट्या, म्हाताऱ्या राखणदाराला नेऊन दिला. तो जेवेपर्यंत समोर बसून राहिले. संध्याकाळी पुन्हा तसंच. राखणदार म्हणाला, "कुणाच्या घरचं आहे? हाताला चव आहे." चाचांनी सांगितलं. रिकामा डबा घासून, पुसून ओट्यावर ठेवला. दार वाजवलं नाही.

पुढच्या महिन्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा चाचांना बायकोच्या भुवईवरचा एक जुना व्रण दिसला, जो तिथे आहे हे ते विसरून गेले होते. दुकानात बसल्यावर पहिल्याच दिवशी थंडीत रफू केलेला एक कोट परत समोर आला. दुसरीकडे फाटला होता. आपण केलेला जुना रफू चाचांना चार हातांवरून दिसला. काळ्या कापडावर निळा धागा, टाके मुंगीच्या रांगेसारखे वाकडे. त्यांनी तो सगळा उसवला. मग आठवतील त्या गिऱ्हाइकांना निरोप धाडला, थंडीत दिलेले कपडे परत आणा म्हणून. काहीजण घेऊन आले. काहीजण म्हणाले, आम्हाला तर काही दिसत नाही, कशाला उगाच.

मोहल्ल्यात त्यांचं नाव दोनचांदवाले चाचा पडलं. पोरं मागून ओरडत, चाचा वळून बघत नसत. वर्षानुवर्षांची काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. न्हावी दुपारचा चहा आता आतल्या आत पीत असे. दाढी वाढली की चाचा नाक्यावरच्या दुसऱ्या न्हाव्याकडे जात आणि समोरचं दुकान बघायचं टाळत. एकदा दोघं वजूच्या नळांवर शेजारी आले. न्हाव्याने तोंड उघडलं, पाण्याने चूळ भरली आणि निघून गेला.

भाभींची इद्दत संपली. बेकरी पुतण्याने चालवायला घेतली होती; हिशेबाला त्या स्वतः बसू लागल्या. येता-जाता त्यांची वाट चाचांच्या दुकानासमोरून होती. पहिले काही दिवस त्या सरळ बघत गेल्या. एका सकाळी त्या पायरीशी थांबल्या. चाचा सुई ओवत होते, स्वतःच.

"डोळा कसा आहे?" भाभींनी विचारलं.

"बरा आहे. दुसरा थंडीत करायचाय."

"बरं," त्या म्हणाल्या, पदर सारखा केला आणि बेकरीकडे चालू लागल्या.